बिनतारी लहरींचे आचार्य : जगदीशचंद्र बोस

ज्या विद्युतचुंबकीय लहरींवर आजचे डिजिटल दळणवळण उभे आहे, त्यांच्या आद्य अभ्यासकांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे स्थान अग्रभागी आहे.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंग येथे त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत न घालता गावच्या बंगाली शाळेत धाडले. तेथे त्याच्या एका बाजूस मुसलमान शिपायाचा, तर दुसऱ्या बाजूस कोळ्याचा मुलगा बसे. आई त्या सर्वांना सारख्याच मायेने खाऊ घाली. समतेचे बाळकडू त्यांना असे मिळाले.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून त्यांना युरोपीय सहकाऱ्यांहून कमी वेतन देऊ केले गेले. त्यांनी अध्यापन थांबविले नाही; मात्र तीन वर्षे वेतनास हात लावला नाही. अखेर सरकारला मागील बाकीसह पूर्ण वेतन द्यावे लागले.

प्रयोगशाळेची धड सोय नसताना त्यांनी स्थानिक कारागिरांकडून उपकरणे घडवून घेतली. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. पुढे त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले.

लहर जितकी आखूड, तितकी तिची वारंवारिता अधिक. उच्च वारंवारितेला रुंद पट्टा मिळतो व त्यातून विपुल माहिती वाहून नेता येते. परंतु डोंगर, झाडी आणि भिंती अशा लहरींना लवकर अडवितात. म्हणून मिलिमीटर लहरी आज पाचव्या पिढीच्या सेवेत थोड्या अंतरासाठी योजिल्या जातात. आमच्या शाहूवाडीसारख्या दऱ्याखोऱ्यांच्या मुलखात कमी वारंवारितेच्या लहरीच दूरवर पोहोचतात, आणि लांब पल्ल्याचा मोठा भार ऑप्टिकल फायबर वाहते.

१९०४ साली अमेरिकेने त्यांच्या गॅलेना खनिजाच्या लहरीग्राहकास पेटंट दिले. तेही त्यांनी स्नेह्यांच्या आग्रहाखातरच घेतले होते. संशोधनातून धन मिळविणे त्यांना रुचत नसे. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर स्थापन केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या शाळेतही वाड्यावस्त्यांवरची मुले एकाच बाकावर बसतात, एकाच पंगतीत जेवतात. ज्या वाडीला डोंगराआड रेंज मिळत नाही, तेथवर ती पोहोचविणारा अभियंता याच बाकांवरून घडावा, अशी आमची मनोमन सदिच्छा आहे.