पांडुरंग सुखात्मे: पिकाच्या आकड्यामागचा मेटाडेटा सांभाळणारा माणूस

तुम्ही मोबाइलवर फोटो काढता, तेव्हा फोटोसोबत तारीख, वेळ आणि लोकेशनही सेव्ह होतं. या माहितीबद्दलच्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. फोटोचा मेटाडेटा उडाला तर फारसं काही बिघडत नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा किंवा आर्णीच्या शेतकऱ्याला पीक विमा मिळणार की नाही, हे ज्या आकड्यावर ठरतं, त्याचा मेटाडेटा हरवला तर? हा प्रश्न 80 वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने लावून धरला होता. त्यांचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मे यांचा जन्म 1911 सालचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून 1932 मध्ये पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे नेमन, इगॉन पिअर्सन आणि फिशर अशी संख्याशास्त्रातली मोठी माणसं होती. 1936 मध्ये पीएचडी झाली. अख्खं शेत न मोजता थोडे नमुने घेऊन पूर्ण जिल्ह्याचा अंदाज कसा बांधायचा, हा त्यांच्या आवडीचा विषय.

1940 मध्ये ते आजच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्या काळी पिकाचा अंदाज बहुतेक नजरेनेच बांधत. अधिकारी शेत बघायचा आणि पीक किती आणे आलंय ते सांगायचा. आणेवारी हा शब्द तिथलाच. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी वेगळा रस्ता धरला: चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं आणि शेतं निवडायची, शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं. हाच पीक कापणी प्रयोग. पानसे यांनी वऱ्हाडातल्या कापसावरही ही पद्धत वापरून पाहिली.

मग एक मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा गट अगदी छोटे प्लॉट वापरायचा. छोटा प्लॉट म्हणजे खर्च कमी, त्यामुळे जास्त ठिकाणी कापणी करता येते. त्यांचं हे गणित चुकीचं नव्हतं. पण सुखात्मे यांनी प्रत्यक्ष शेतात प्रयोग करून दाखवलं की प्लॉट फार लहान असेल तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण साधं आहे: कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, हे ठरवताना हात बहुधा आत घेण्याकडेच झुकतो.

आपणच हिशोब करून बघू. समजा, चारही बाजूंनी 10 सेंटीमीटर जास्तीचं पीक कापलं गेलं. 1 मीटर × 1 मीटरचा प्लॉट असेल तर उत्पादन 44 टक्के जास्त दिसेल. 10 मीटर × 5 मीटरचा असेल तर फक्त 6 टक्के.

आता हे विम्याला लावा. समजा, मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी 10 क्विंटल आहे आणि खरं उत्पादन 7 क्विंटल. भरपाई विमा रकमेच्या 30 टक्के व्हायला हवी. 6 टक्क्यांची चूक झाली तर ती साधारण 26 टक्क्यांवर येते. 44 टक्क्यांची चूक झाली तर 7 चे 10.08 होतात आणि भरपाई शून्य! पीक तेवढंच बुडालंय, फक्त मोजायचा चौकोन बदलला.

म्हणजे नुसता 7 हा आकडा पुरेसा नाही. प्लॉट केवढा, कापणी कधी, वजन ओल्या मालाचं की वाळलेल्या, हे त्याला चिकटलेलं हवं. सुखात्मे यांच्या काळात हे सगळं कागदी फॉर्मवर आणि सूचनापुस्तिकेत असायचं. आज ते कोडमध्ये लिहिता येतं. एक साधी टेक्स्ट फाइल अशी दिसेल:

पीक: सोयाबीन
प्लॉट_लांबी: 10
प्लॉट_रुंदी: 5
एकक: मीटर
वजन_प्रकार: वाळलेलं
नियम_1: क्षेत्रफळ 50 नसेल तर नोंद थांबवा
नियम_2: कापणीची तारीख पेरणीआधीची असेल तर नोंद थांबवा
नियम_3: लोकेशन मंडळाबाहेरचं असेल तर तपासणीला पाठवा

प्रोग्राम प्रत्येक नोंद या फाइलशी ताडून बघतो. नियम एकाच जागी असल्यामुळे हजार नोंदींना तोच न्याय लागतो. फाइल गिटमध्ये ठेवली तर कोणता नियम कुणी, कधी बदलला तेही दिसतं. मात्र एक लक्षात ठेवा: शेतात दोरी चुकीची लावली आणि फॉर्ममध्ये 10 × 5 लिहिलं, तर कोडला ते कळणार नाही. दोरी धरणारा माणूस लागतोच.

1951 मध्ये सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून गेले. तिथेही तोच प्रश्न समोर आला. जगातले दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असं तेव्हा सर्रास सांगितलं जायचं. 1961 मध्ये सुखात्मे यांनी उपासमार आणि कुपोषण यांच्या व्याख्या वेगळ्या करून नवा हिशोब मांडला. पोटभर न मिळणारे साधारण 10 ते 15 टक्के निघाले; निकस खाणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. व्याख्या स्पष्ट झाली आणि आकडाच बदलला. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना गाय पदक दिलं, 1971 मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर ते पुण्यात पोषणावर काम करत राहिले. 1997 मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढच्या हंगामात तुमच्या गावात पीक कापणी प्रयोग असेल तर मोबाइल घेऊन जरूर जा. किती किलो भरलं ते विचाराच, पण त्याआधी दोरीचं माप बघा.