पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर

पूर्वजांकडून लाभलेला वारसा आणि बदलता काळ यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे उभा राहतो. कोणी जुने ते सारे त्याज्य मानून मोकळा होतो, तर कोणी जुन्याच्या एका अक्षरालाही हात लावू देत नाही. एकोणिसाव्या शतकातील बंगालमध्ये एका दरिद्री ब्राह्मणाच्या पुत्राने या दोहोंहून निराळा मार्ग स्वीकारला. परंपरेचे सखोल अध्ययन करून तिच्याच आधारे तिच्यातील अन्याय दूर करण्याचा तो मार्ग होता. त्या थोर पुरुषाचे नाव पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर.

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी मेदिनीपूर भागातील वीरसिंह या खेड्यात झाला. पिता ठाकुरदास बंद्योपाध्याय कलकत्त्यात अल्प वेतनावर नोकरी करीत. माता भगवतीदेवी दयेची मूर्तीच होत्या. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी ईश्वरचंद्र पित्याबरोबर पायी कलकत्त्यास निघाले. वाटेत मैलाच्या दगडांवर कोरलेले इंग्रजी आकडे पाहून ते त्यांनी चालता चालताच आत्मसात केले, अशी कथा बंगालमध्ये सर्वश्रुत आहे.

१८२९ मध्ये ते कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात दाखल झाले. व्याकरण, साहित्य, अलंकार, वेदान्त, न्याय, स्मृती अशा नाना शास्त्रांचे बारा वर्षे अध्ययन करून, ‘विद्यासागर’ ही उपाधी मिळवून ते १८४१ मध्ये बाहेर पडले. ही विद्या त्यांनी केवळ उपजीविकेसाठी संपादन केली नव्हती, हे पुढे साऱ्या देशास दिसून आले.

१८५१ मध्ये ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. तेथे तोवर ब्राह्मण व वैद्य यांच्याच मुलांना प्रवेश असे. विद्यासागरांनी प्रथम कायस्थांस व १८५४ मध्ये सर्व प्रतिष्ठित हिंदू कुटुंबांतील मुलांस प्रवेश खुला केला. संस्कृत व्याकरण संस्कृतातूनच पाठ करण्यात मुलांची कित्येक वर्षे खर्ची पडत. म्हणून त्यांनी बंगालीत सुबोध व्याकरण लिहिले. इंग्रजी व गणित यांच्या अध्ययनासही त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले. सांख्य व वेदान्त ही दर्शने त्यांना स्वतःला मान्य नव्हती, आणि तसे त्यांनी आपल्या अहवालात निःसंकोचपणे नमूद केले. तथापि ती अभ्यासक्रमातून काढून टाकावीत असे त्यांचे म्हणणे नव्हते. विद्यार्थ्याने ती शिकावीत, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानही शिकावे आणि आपल्या बुद्धीने निर्णय करावा, अशी त्यांची दृष्टी होती. बंगाली मुलांना अक्षरओळख करून देणारे त्यांचे ‘वर्णपरिचय’ हे पुस्तक १८५५ मध्ये निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वाचले गेले.

त्यांच्या जीवनाची खरी कसोटी मात्र विधवांच्या प्रश्नात लागली. त्या काळी बंगालमधील उच्चवर्णीयांत बालविवाह रूढ होता, आणि कुलीन वृद्धास कोवळ्या मुली देण्याची चालही होती. त्यामुळे संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच वैधव्य आलेल्या मुली घरोघर दिसत. विद्यासागरांना हे दुःख पाहवेना. केवळ माणुसकीच्या नावाने आवाहन केले असते तर समाजाने ते कानांआड केले असते. कारण समाज शास्त्राचा आधार मागत होता. तेव्हा त्यांनी स्मृतिग्रंथांचा कसून शोध घेतला. कलियुगासाठी प्रमाण मानलेल्या पराशरस्मृतीत, पती नाहीसा झाला, मृत झाला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला वा पतित झाला तर स्त्रीस दुसरा पती करण्याची अनुज्ञा असल्याचे त्यांनी जानेवारी १८५५ मध्ये पुस्तिका लिहून प्रतिपादिले. विरोधकांनी आक्षेपांचा वर्षाव केला. ते वचन केवळ वाग्दत्त वधूविषयी आहे, असे कित्येक पंडितांचे मत होते. विद्यासागरांनी त्याच वर्षी दुसरे, विस्तृत पुस्तक लिहून आक्षेपांचे खंडन केले.

ऑक्टोबर १८५५ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज पाठविला. त्यावर ९८७ सह्या होत्या. राजा राधाकांत देव यांच्या पुढाकाराने गेलेल्या विरोधी अर्जावर छत्तीस हजारांहून अधिक सह्या होत्या. तरीही २६ जुलै १८५६ रोजी हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा संमत झाला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला कलकत्त्यात पंडित श्रीशचंद्र विद्यारत्न व कालीमतीदेवी यांचा विवाह झाला, तो सर्व वैदिक विधींसह. धर्म सोडून नव्हे, तर धर्मविधीनेच हे कार्य व्हावे, हा विद्यासागरांचा आग्रह होता.

परंतु कायदा होणे निराळे आणि रूढी पालटणे निराळे. पाठीशी उभे राहू असे सांगणारे पुष्कळ जण वेळ येताच मागे सरले. विवाहांचा खर्च विद्यासागर स्वतः करू लागले व त्यापायी कर्जात बुडाले. त्यांची निंदानालस्ती झाली. १८७० मध्ये त्यांचे एकुलते एक पुत्र नारायणचंद्र यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा नातलगांचा विरोध न जुमानता त्यांनी त्यास मनःपूर्वक संमती दिली. दुसऱ्याच्या घरी जे व्हावे असे वाटते ते आपल्या घरी होऊ देणे, हीच सुधारकाची खरी परीक्षा असते.

त्यांच्या या ग्रंथाचा प्रभाव महाराष्ट्रातही पोहोचला. विष्णुशास्त्री पंडित यांनी १८६५ मध्ये त्याचे मराठी भाषांतर केले. पुढे १८७० मध्ये पुण्यास शंकराचार्यांसमोर पुनर्विवाहाच्या शास्त्रीयतेवर जो मोठा वाद झाला, त्यात सुधारकांच्या बाजूने तेच अग्रभागी होते.

विद्यासागरांचा वेश आयुष्यभर एकच राहिला: धोतर, जाड्याभरड्या वस्त्राची चादर व पायांत साध्या चपला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या भेटीसही ते याच वेशात जात. १८७४ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयात देशी चपला घालून आत जाण्यास त्यांना मनाई झाली, तेव्हा ते दारातूनच परतले. आणि विलायती बूट चालतात तर देशी चपला का नकोत, असा लेखी जाब त्यांनी विचारला. नव्या विद्येचे त्यांना भय नव्हते, आणि जुन्या वेशाची त्यांना लाजही नव्हती.

त्यांचे सर्वच प्रयत्न सफल झाले नाहीत. कुलीनांच्या बहुपत्नीकत्वाविरुद्ध १८७१ व १८७३ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिले, पण त्यांच्या हयातीत तसा कायदा झाला नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाला, त्याच्या आहे त्या रूपात, त्यांनी पाठिंबा दिला नाही. शास्त्रोक्त गर्भाधानसंस्कारास बाध न येता मुलींचे रक्षण व्हावे, म्हणून निव्वळ वयाऐवजी ऋतुप्राप्ती ही मर्यादा ठेवावी, असे त्यांनी सुचविले. आज आपल्याला ही भूमिका अपुरी वाटेल. शास्त्राचा आधार घेऊन चालणाऱ्यास शास्त्र कोठे तरी थांबवितेही, हे येथे दिसते, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

स्वकीयांच्या कृतघ्नतेने व्यथित होऊन उत्तरायुष्यात ते कर्माटाड येथे संथाळ लोकांत पुष्कळ काळ राहिले. तेथे ते गरिबांना औषधे देत व त्यांच्या सुखदुःखांत सहभागी होत. २९ जुलै १८९१ रोजी कलकत्त्यात त्यांनी देह ठेवला.

वेदान्ताची दर्शन म्हणून थोरवी न मानणाऱ्या या पुरुषाने, गीतेने ज्याला लोकसंग्रह म्हटले आहे, ते कार्य आजन्म केले. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने आधी तिचे अध्ययन करावे. तिच्यात पालट इच्छिणाऱ्याने त्या पालटाचे मोल प्रथम आपल्या पदरचे द्यावे, हे त्यांच्या चरित्राचे सार होय. अध्ययन आणि त्याग यांची अशी जोड जेथे असते, तेथे वारसाही टिकतो आणि समाजही पुढे जातो.