घराघरांत देव पोचवणारा चित्रकार

पुण्याच्या मार्केट यार्डात दिवाळीला गाळ्यागाळ्यांतून वहीपूजन होते. गादीच्या वर, हार घातलेल्या चौकटीत, कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी असते. वरच्या दोन्ही हातांत कमळे, शेजारी हत्ती आणि अंगावर जरीकाठी साडी. हे रूप अनादिकाळापासूनचे वाटते. प्रत्यक्षात ते घरोघरी रूढ झाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्याचे मोठे श्रेय राजा रविवर्मा यांच्याकडे आणि त्यांच्या शिळाप्रेसकडे जाते.

रविवर्मा यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी झाला. तैलरंगांवर त्यांनी असामान्य प्रभुत्व मिळवले. १८७३ मध्ये व्हिएन्ना येथील प्रदर्शनात त्यांच्या चित्राचा गौरव झाला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी पौराणिक विषयांवरील चौदा चित्रे रंगवली. त्यांच्या अनेक नायिका नऊवारी साडीत दिसतात. मात्र अशी चित्रे राजवाड्यांच्या भिंतींवरच राहत. सामान्य माणसाला ती दिसावीत कशी? तंजावरच्या मराठी घराण्यातील मुत्सद्दी सर टी. माधवराव यांनी त्यांना चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला दिला.

त्यासाठी उपलब्ध असलेली कला होती शिळामुद्रणाची. जर्मनीतील नाटककार अलॉइस झेनेफेल्डर यांनी १७९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती शोधून काढली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच तत्त्वावर ती उभी आहे. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त रेखाटनाला धरते. रंगीत चित्रात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते, आणि सारे ठसे एकमेकांवर अचूक बसावे लागतात. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये निघालेल्या चित्रशाळेने अशी चित्रे मराठी घरांत आधीच पोचवली होती.

रविवर्मा आणि त्यांचे बंधू राजराजवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीतून आले. शकुंतलेचा जन्म हे तेथून निघालेले पहिले चित्र. त्यामागून आलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती अमाप लोकप्रिय झाल्या. पण लोकप्रियता वाढली तरी हिशेब जुळेना. प्लेगच्या काळात छापखाना पुणे जिल्ह्यातील मळवलीला हलवावा लागला, आणि अखेर कर्जाच्या ओझ्याखाली तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रे छापण्याचे हक्कही त्याच्यासोबत गेले. १९०५ मध्ये राजराजवर्मा निवर्तले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा यांनीही देह ठेवला. छापखाना मात्र पुढे अनेक वर्षे चालला. इतरांनी काढलेली चित्रेही तेथून निघत राहिली. १९७२ मधील आगीत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला.

म्हणूनच जुन्या बाजारात रविवर्मा यांचे चित्र म्हणून जे दाखवले जाते, ते पारखून घ्यावे लागते. साधे भिंग पुरते. शिळाछापात कारागिराने हाताने टाकलेले लहानमोठे, अनियमित ठिपके दिसतात. रंगांच्या कडा कधी किंचित सरकलेल्या असतात. आधुनिक ऑफसेट छपाईत ठिपके यंत्राच्या शिस्तीत, ओळीने आणि वर्तुळाकार नक्षीत बसतात. खालच्या समासात छापखान्याचे नाव असते. परंतु चौकट करताना समास अनेकदा कापला जातो. चित्रावरची सहीसुद्धा छापलेलीच असते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबून चालत नाही. कागदाचा पिवळेपणाही पुरावा ठरत नाही.

आणि अस्सल शिळाछाप हाती लागला, तरी त्यावरची रेषा रविवर्मा यांच्या हातची नसते. ती शिळेवर उतरवणाऱ्या अनाम कारागिराची असते. एकमेव प्रतीचे मोल सोडून आपले चित्र असंख्य हातांत जावे, हे रविवर्मा यांनी स्वतःच निवडले होते. छापखाना त्यांच्या हातून गेला. गाळ्यातली लक्ष्मी मात्र आजही त्यांच्याच रूपात उभी आहे.