दावीद राजाच्या चरित्रातील न खोडलेली नोंद

राजांची चरित्रे बहुधा त्यांच्या आश्रितांनीच लिहिलेली असतात. त्यामुळे त्यांत पराक्रम भरपूर आणि पातके थोडी आढळतात. इब्री धर्मग्रंथांतील दावीद राजाचे चरित्र मात्र या रिवाजाला अपवाद आहे. ज्या राजाचा इस्राएली लोकांना सर्वांत अधिक अभिमान, त्याचेच घोर पाप त्यांच्या पवित्र ग्रंथात तपशीलवार लिहिलेले आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रोजकीर्दीत एकदा पडलेली नोंद खोडायची नसते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. म्हणूनच की काय, हे चरित्र मला फार जवळचे वाटले.

दावीद सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी बेथलेहेम गावी इशायच्या घरी जन्मला. तो भावंडांत सर्वांत धाकटा असून मेंढरे राखीत असे. शमुवेल संदेष्ट्याने त्याच्या मस्तकी अभिषेकाचे तेल ओतले, तेव्हा घरच्यांच्या मनातही त्याचे नाव नव्हते. पुढे त्याने गोफणीच्या एका धोंड्याने धिप्पाड गल्याथाला लोळवले. शौल राजाला त्याचा मत्सर वाटू लागला आणि दावीदाला रानोमाळ भटकावे लागले. शौल दोनदा त्याच्या हाती सापडला असताही दावीदाने त्याच्या केसाला धक्का लावला नाही. तिसाव्या वर्षी तो राजा झाला. त्याने एकूण चाळीस वर्षे राज्य केले, त्यांपैकी साडेसात हेब्रोनात व बाकीची यरुशलेमात.

यरुशलेमात देवासाठी मंदिर बांधावे, असे त्याच्या मनात आले. तेव्हा नाथान संदेष्ट्याने उलटाच निरोप आणला. दावीदाने देवाचे घर बांधू नये, देवच दावीदाचे घराणे उभारील. त्याच्या वंशजाने अपराध केला तर त्याला शिक्षा होईल, परंतु देवाची कृपा त्याच्यावरून काढून घेतली जाणार नाही. या ठिकाणी मूळ इब्रीत ‘हेसेद’ हा शब्द आहे. दया, प्रेम आणि दिल्या वचनाला जागणे, हे तिन्ही अर्थ त्यात सामावले आहेत. हे वचन दावीदाला त्याच्या पातकापूर्वी मिळाले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसले असता राजा मात्र राजवाड्यात राहिला. गच्चीवरून त्याला बथशेबा दिसली. ती उरीया हित्ती नावाच्या त्याच्याच शूर शिपायाची पत्नी. राजाने तिला बोलावून घेतले आणि ती गरोदर राहिली. पाप झाकण्यासाठी उरीयाला रणांगणावरून बोलावले, पण सोबती उघड्यावर तळ देऊन असताना हा इमानी माणूस स्वतःच्या घरी जाईना. शेवटी राजाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले, की याला तुंबळ लढाईत पुढे ठेवून बाकीच्यांनी मागे हटावे. ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. उरीया मारला गेला.

नाथान पुन्हा आला. या वेळी त्याने एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, जी शेजारच्या श्रीमंताने स्वतःचे कळप असताना हिरावून नेली. दावीद संतापला व त्या श्रीमंताला त्याने मरणास पात्र ठरवले. तो मनुष्य खुद्द राजाच आहे, असे नाथानाने तोंडावर सांगितले. सबब न सांगता दावीदाने अपराध कबूल केला.

त्याला जीवदान मिळाले, पण हिशेब माफ झाला नाही. बथशेबेचे मूल सातव्या दिवशी दगावले. अम्नोनाने सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केला. तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारवले व पुढे बापाविरुद्धच बंड पुकारले. म्हातारा राजा अनवाणी, रडत जैतुनांच्या डोंगरावर चढला. अबशालोम मारला गेल्यावर विजयाच्या दिवशीही तो पुत्रशोकच करीत राहिला. इतके होऊनही वचन मोडले नाही. बथशेबेचाच दुसरा पुत्र शलमोन गादीवर बसला.

इतिहासाची पुस्तके नावाच्या नंतरच्या ग्रंथांत हाच काळ पुन्हा लिहिला आहे. त्यांत राब्बाचा वेढा आहे, परंतु बथशेबेचे प्रकरण गाळले आहे. मात्र शमुवेलाची जुनी पुस्तके कोणी काढून टाकली नाहीत; दोन्ही चोपड्या एकाच धर्मग्रंथात राहिल्या. शमुवेलाच्या पुस्तकात दावीदाच्या सदतीस वीरांची यादी आहे आणि तीत शेवटचे नाव उरीया हित्तीचे आहे.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले व दावीदाची गादी संपली. तरी राजांच्या ग्रंथाचा शेवट त्याचा वंशज यहोयाखीन बाबेलच्या बंदिवासातून सुटून तिथल्या राजाच्या पंक्तीला बसल्याच्या बातमीने होतो. इस्राएलच्या उत्तरेस तेल दान येथे १९९३ साली सापडलेल्या शिलालेखात बहुतेक विद्वान दावीदाच्या घराण्याचा उल्लेख वाचतात. तो लेख शत्रूने कोरलेला आहे.

देव दावीदाशी एकनिष्ठ राहिला; मग उरीयाचे काय, हा प्रश्न मला सुटलेला नाही. त्याचा जीव कोणत्याही वचनाने परत आला नाही. पण क्षमा म्हणजे नोंद पुसणे असते, तर उरीयाचे नावच आपल्यापर्यंत पोहोचले नसते. उद्या आपल्यापैकी कित्येकजण कचेऱ्यांत आणि पेढ्यांवर बसतील. तिथे राजापुढे उभ्या राहणाऱ्या नाथानाची आणि यादीतून न गाळलेल्या उरीयाची आठवण आपण ठेवावी, असे मला मनापासून वाटते.