फेलिक्स वरेला : निर्वासितांचा आधार झालेला निर्वासित

अमेरिकेतील लॅटिनो समाजाच्या इतिहासात श्रद्धा आणि मायभूमीची ओढ यांचा एकत्र विचार करताना फादर फेलिक्स वरेला यांचे नाव आवर्जून घेतले जाते. क्यूबातील हवाना येथे १७८८ मध्ये जन्मलेल्या वरेला यांचे मातृछत्र लहानपणीच हरपले. त्यांचे बालपण फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन या तत्कालीन स्पॅनिश गावात, लष्करी अधिकारी असलेल्या आजोबांकडे गेले. नातवाने सैन्यात जावे, ही आजोबांची इच्छा त्यांनी नाकारली आणि १८११ मध्ये ते कॅथलिक धर्मगुरू झाले.

हवानाच्या सान कार्लोस विद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान लॅटिनऐवजी स्पॅनिशमधून शिकवण्यास सुरुवात केली. पुढे क्यूबाचे प्रतिनिधी म्हणून ते स्पेनच्या संसदेत गेले. वसाहतींना स्वायत्तता मिळावी आणि गुलामगिरी नष्ट व्हावी, असे प्रस्ताव त्यांनी तयार केले होते. मात्र १८२३ मध्ये फ्रेंच सैन्याच्या मदतीने राजा सातवा फर्डिनांड याची निरंकुश सत्ता पुन्हा प्रस्थापित झाली. राजाविरुद्ध मत देणाऱ्या वरेलांना मृत्युदंड फर्मावण्यात आला. ते जिब्राल्टरमार्गे निसटले आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत न्यूयॉर्कला पोहोचले.

मायदेशाची दारे बंद झाली, तरी नाते तुटले नाही. १८२४ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातून 'एल हाबानेरो' हे नियतकालिक सुरू केले. क्यूबाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारे त्याचे अंक चोरून बेटावर पोहोचवले जात. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व अखेरपर्यंत स्वीकारले नाही.

त्यांची दैनंदिन सेवा मात्र प्रामुख्याने आयरिश स्थलांतरितांसाठी होती. हे गरीब कॅथलिक शहरात उपेक्षेचे आणि धार्मिक द्वेषाचे धनी झाले होते. वरेला इंग्रजी शिकले, त्यांनी चर्च आणि शाळा उभारल्या. १८३२ च्या पटकीच्या साथीत ते रुग्णांच्या सेवेत राहिले. अंगावरचा कोटही ते गरजूला देऊन टाकत, असे सांगितले जाते. १८३७ मध्ये ते न्यूयॉर्क धर्मप्रांताचे व्हिकार जनरल झाले. त्यांनी स्थापन केलेला ट्रान्सफिगरेशन पॅरिश पुढे शहराच्या चायनाटाउनमध्ये स्थिरावला आणि तेथे चिनी भाविकांची उपासना चालते. नव्याने येणाऱ्यांचे हे चर्च आजही नव्याने येणाऱ्यांचेच आहे.

दम्याने ग्रासल्यावर ते सेंट ऑगस्टिनला परतले. तोवर ते गाव अमेरिकेचे झाले होते. त्यांच्या हलाखीचे वर्णन करणारे पत्र १८५२ च्या अखेरीस हवानाला गेले. जुन्या विद्यार्थ्यांनी पैसे गोळा केले. पण ते घेऊन दूत पोहोचला, तेव्हा काही दिवसांपूर्वीच, फेब्रुवारी १८५३ मध्ये, गुरुजींचे निधन झाले होते. त्या पैशातून टोलोमाटो दफनभूमीत त्यांच्या समाधीवर छोटे प्रार्थनामंदिर बांधण्यात आले. १९११ मध्ये त्यांच्या अस्थी हवानाला नेण्यात आल्या आणि पुढे तेथील विद्यापीठाच्या मुख्य सभागृहात ठेवण्यात आल्या. २०१२ मध्ये व्हॅटिकनने त्यांना 'पूजनीय' घोषित केले.