भिंतीवरचा भार उतरवणारा माणूस

किल्लारीपासून पाचेक कोसांवर माझ्या काकांचे सात खणांचे माळवदाचे घर होते. भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याच्या तोंडावर दर साली नवी माती चढायची, जुनी कोणी काढत नसे. वैशाखातही घर गार. त्या गारव्याचे आम्हाला कोण कौतुक!

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून लोक नुकतेच झोपलेले असताना, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. काकू भिंतीखाली गेल्या. दुपारी मी पोहोचलो तेव्हा दगडांच्या ढिगात दोन खांब आणि त्यांवरची तुळई तशीच उभी होती. पडल्या होत्या त्या भिंती. बाहेरचा दगडी पदर, आतला दगडी पदर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नव्हता. हलताच पदर सुटले.

पुढल्या वर्षी एका कामासाठी काकांना मुंबईत वकिलांकडे न्यावे लागले. कचेरी काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये होती. काका तेव्हा छताखाली बसत नसत. दाराशी थांबून त्यांनी एका खांबावर बोटाची पेरे वाजवली, आणि हा लोखंडी आहे का, मग भिंती कशाला आहेत, असे मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना रोलंड मेसन ऑर्डिश हे नाव भेटले.

इंग्लंडातल्या डर्बीशायर परगण्यात, मेलबर्न नावाच्या गावी १८२४ साली त्यांचा जन्म झाला. वडील जमिनींचे मोजणीदार. तरुणपणीच ऑर्डिश एका मोठ्या बांधकाम कंपनीत लागले आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठीचा काचमहाल उभारण्याच्या कामात सापडले. कल्पना पॅक्स्टन यांची, पण कोणता तुकडा कुठे बसेल याचे तपशीलवार नकाशे करणाऱ्यांत ऑर्डिश होते. कारखान्यात एकसारखे तुकडे ओतायचे आणि जागेवर नुसते जुळवायचे, ही विद्या त्यांना तिथे साधली. १८५८ पासून ते स्वतंत्रपणे कामे घेऊ लागले.

लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचे २४० फूट रुंद छत मध्ये एकही खांब न घेता उभे आहे. योजना बार्लो यांची, तपशिलाला ऑर्डिश. अल्बर्ट हॉलच्या घुमटाच्या लोखंडी कामातही त्यांचा हात होता. आणि याच काळात जॉन वॉटसन या मुंबईच्या कापड व्यापाऱ्यासाठी त्यांनी पाच मजली इमारतीचा सांगाडा आखला.

ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया डर्बीत तयार झाल्या, बोटीने मुंबईला आल्या आणि १८६७ ते १८६९ मध्ये इथे जोडल्या गेल्या. सगळा भार खांबांवर. मधल्या विटा नुसत्या आडोशाला. वॉटसन्स हॉटेल १८७१ मध्ये उघडले. तळमजल्यावर जेवणघर आणि मद्यालय, वर शंभराहून अधिक खोल्या. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दिसली ती इथेच. (पुढे अमेरिकेत चकचकीत पोलादी पत्र्याची उपाहारगृहे कारखान्यातच तयार करून रस्त्याकाठी आणून ठेवू लागले. आमच्या मुंबईत कारखान्यात घडलेले हॉटेल त्यांच्या कितीतरी आधी आले होते!)

ऑर्डिश यांचे सगळेच काम असे टिकले नाही. प्रागमधला त्यांचा १८६८ चा पूल पाडावा लागला. लंडनचा अल्बर्ट पूल १८७३ मध्ये खुला झाला, पण तो थरथरे. सैनिकांनी त्यावरून पावले जुळवून चालू नये, अशी पाटी तिथे अजून आहे. १८८४ पासून दुसऱ्या इंजिनिअरने त्याला बळकटी दिली. ते काम चालू असतानाच, १८८६ मध्ये ऑर्डिश वारले. १९७३ साली पुलाच्या पोटाखाली आणखी दोन खांब द्यावे लागले. तरीही मला हा पूल जवळचा वाटतो. थरथरणे आणि कोसळणे यांतले अंतर आमच्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही.

ओतीव लोखंड ठिसूळ असते. भूकंपात ते लाकडापेक्षा सरस ठरेल, असे मला म्हणायचे नाही. शिवाय वॉटसनच्या इमारतीचे पुढे हालच झाले. हॉटेल बंद पडले, खोल्यांच्या पोटखोल्या झाल्या, सांगाड्यावर नको तेवढा भार चढला. २००५ मध्ये तिच्या सज्जाचा भाग कोसळून एक माणूस गेला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. पाडावी की सावरावी, यावर जाणकारांत दोन तट पडले. मी सावरण्याच्या बाजूचा. खांब काय करतो आणि भिंत काय करते, हे उघड्यावर दाखवणारी दुसरी इमारत मला ठाऊक नाही.

त्या दिवशी मात्र यातले काही मला माहीत नव्हते. वकिलांची भेट झाली, काका दोन जिने चढून पंख्याखाली चांगले तासभर बसले. उतरताना त्यांनी तोच खांब पुन्हा वाजवून पाहिला.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. काकांनाही नव्या वसाहतीत घर मिळाले, पण ढिगातला एक खांब त्यांनी बैलगाडीत घालून तिकडे नेला. घराला त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी तो अंगणात पुरला आणि त्याला गाय बांधू लागले.