बुकर टी. वॉशिंग्टन आणि विटांची चौथी भट्टी

अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत एका मळ्यावर सन १८५६ च्या सुमारास एका दासीच्या पोटीं एक मूल जन्मलें. मालकाचें स्वयंपाकघर हेंच तिचें घर. मुलें तेथें मातीच्या जमिनीवर चिंध्यांत निजत. तें मूल म्हणजेच पुढें थोर शिक्षक म्हणून प्रसिद्धीस आलेले बुकर टी. वॉशिंग्टन होत. त्यांचें चरित्र आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनीं ऐकण्यासारखें आहे, म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देतों.

सन १८६५ त गुलामगिरी संपली व हें कुटुंब वेस्ट व्हर्जिनियांतील माल्डन गांवीं गेलें. तेथें बुकर लहानपणींच मिठाच्या भट्टीवर व पुढें कोळशाच्या खाणींत राबूं लागला. मिठाच्या पिंपांवर त्याच्या सावत्र बापाची खूण म्हणून १८ हा आंकडा घालीत. तोच त्यानें ओळखलेला पहिला आंकडा. एके दिवशीं खाणींत दोन मजूर हॅम्प्टन येथील शाळेविषयीं बोलत असतां त्यानें ऐकलें. ही शाळा मिशनरी आईबापांचा पुत्र जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांनीं १८६८ सालीं स्थापिली होती, व तेथें गरीब विद्यार्थ्यांस काम करून शिकतां येई. १८७२ सालीं बुकर घराबाहेर पडला. वाट सुमारें ५०० मैलांची. रिचमंड शहरांत पैसे संपले, तेव्हां तो रात्रीं रस्त्याकडेच्या लांकडी फळ्यांखालीं निजे व दिवसा जहाजांतील लोखंड उतरवी. हॅम्प्टनला पोंचला तेव्हां जवळ अवघे ५० सेंट होते. मुख्य शिक्षिकेनें त्याला एक खोली झाडावयास सांगितली. त्यानें ती तीन वेळां झाडली व चार वेळां पुसली. तीच त्याची प्रवेशपरीक्षा ठरली.

सन १८८१ त अलाबामा प्रांतांतील टस्कीगी येथें कृष्णवर्णीयांसाठीं शाळा काढावयाची होती. आर्मस्ट्राँग यांच्या शिफारशीनें वॉशिंग्टन तेथें गेले. सरकारनें शिक्षकांच्या पगारासाठीं वर्षास २००० डॉलर मंजूर केले होते. पण जागा नव्हती, इमारत नव्हती. ४ जुलै रोजीं ३० विद्यार्थ्यांनिशीं एका पडक्या खोलींत शाळा भरली. पाऊस आला म्हणजे एक विद्यार्थी गुरूच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही. पुढें ५०० डॉलरांस १०० एकरांचा एक ओसाड मळा घेतला. तेथील रान तोडणें विद्यार्थ्यांस आवडेना. शिकलेल्या माणसानें कुऱ्हाड कां धरावी, असें त्यांना वाटे. तेव्हां शाळा सुटतांच वॉशिंग्टन स्वतः कुऱ्हाड घेऊन पुढें निघूं लागले. गुरु लाजत नाहीं हें पाहून शिष्यही मागें आले.

इमारतीसाठीं विटा हव्या होत्या, म्हणून विद्यार्थ्यांनींच त्या पाडाव्या असें ठरलें. गुडघाभर चिखलांत उभें राहून त्यांनीं सुमारें २५,००० विटा पाडल्या. भट्टी बिघडली. दुसरीही बिघडली. तिसरी भाजून होत आली असतां मध्यरात्रीं ढासळली. हातीं पैसा उरला नाहीं, व हा नाद सोडावा असें सहकारी शिक्षक म्हणूं लागले. वॉशिंग्टन यांनीं माँटगोमेरी शहरीं जाऊन आपलें घड्याळ १५ डॉलरांस गहाण ठेविलें व चौथी भट्टी लाविली. ती साधली. घड्याळ मात्र कधीं सुटलें नाहीं.

कोणती माती घ्यावी, भट्टींत हवेस वाट कोठें ठेवावी, आंच किती हळू वाढवावी, हें त्या मुलांस कोणत्या पुस्तकानें शिकविलें असतें? त्यांनीं केलेल्या पहिल्या खाटा व मेजें डळमळत. पण तींच मुलें पुढें उत्तम गाड्या करूं लागलीं. गणिताचे हिशेब शेतांतून व कारखान्यांतून घेतले जात. ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना ही शाळा नको होती, तेही चांगली वीट मिळते म्हणून दारीं येऊं लागले. १९०१ पर्यंत तेथील ४० इमारतींपैकीं चार सोडून बाकी सर्व विद्यार्थ्यांच्या हातांनीं उभ्या राहिल्या. १८९८ सालचें उपासनामंदिरही त्यांनींच बांधिलें. १४ नोव्हेंबर १९१५ रोजीं वॉशिंग्टन निवर्तले, तेव्हां तेथें १५०० हून अधिक विद्यार्थी शिकत होते.

वाचकहो, त्या मुलांचे आईबाप तक्रार करीत कीं, आमचीं मुलें पुस्तकें शिकावयास पाठविलीं, मजुरीस नव्हे. ही तक्रार आमच्याही मंडळ्यांत ऐकूं येते, व ती तुच्छ मानण्याजोगी नाहीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं वेठ केली, त्यांना मुलाच्या हातीं झाडू किंवा फावडें पाहून जुनी जखम आठवते. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विद्वानानेंही १९०३ सालीं असाच आक्षेप घेतला कीं, अशा शिक्षणापायीं उच्च विद्येचें व नागरिकत्वाच्या हक्कांचें दार बंद होऊं नये. आम्हांस हा आक्षेप खरा वाटतो. आमची हुशार मुलें कॉलेजांत जावींत. त्यांना कोणीं अडवूं नये.

परंतु वेठ निराळी व कारागिरी निराळी. वेठींत हात दुसऱ्याचे असतात; कारागिरींत हात, डोकें व अंतःकरण आपलेंच असतें. ज्या मुलानें तीन भट्ट्या बिघडल्यावर चौथी लाविली, तो कोणापुढें मान खालीं घालणार नाहीं. म्हणून उपदेशक बंधूंनो, आपल्या शाळेच्या अंगणांत एक वाफा करा, एक रंधा आणा, व पहिल्यानें तो स्वतः हातीं धरा. काम बिघडलें तर मुलांस रागावूं नका. कोठें बिघडलें तें त्यांनाच शोधूं द्या. आपल्या प्रभूनेंही नासरेथांत सुताराचें काम केलें. त्याच्या शिष्यांनीं हातांस पडलेल्या घट्ट्यांची लाज कां धरावी?